मोरीपाशी दोन मिनिटं

२ ऑगस्ट, शुक्रवार
साडूने गाडी घेतली. पांढरी, फोर बाय फोर. मला आनंद झाला. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका यायला नको.

४ ऑगस्ट, रविवार
गाडी बघून आलो. साडूला घरात सगळे 'साहेब' म्हणतात, कारण तो ऑफिसात बसून असतो. मी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात उभा असतो, मला कुणी काही म्हणत नाही. त्याच्या गाडीत रस्ता कसला आहे ते निवडायचं एक गोल बटण आहे. चिखल, वाळू, बर्फ. बर्फाचं काय, फ्रीजमध्ये चालवणार का, असं विचारलं. सगळे हसले. साहेब सगळ्यात जास्त हसला. ते आवडलं नाही.

मग खरी बातमी. माझे कान तिखट आहेत, अर्धं दुकान मी कानांवरच उभं केलंय. स्वयंपाकघरात मेव्हणी माझ्या बायकोला सांगत होती, ताई, या वेळी बाबांना आमच्या गाडीतून नेऊ गं, सीट मऊ आहे, त्यांच्या पाठीला बरं.

अठरा तारखेला सासरेबुवांना ऐंशी पूर्ण होतात. दर वाढदिवसाला ते टेकडीवरच्या आपल्या पत्र्याच्या घरी जातात. शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसता चिकट मातीचा चढ. बारा वर्षं त्यांना मीच नेतो, त्यांच्याच जुन्या जीपमधून. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, साहेबाच्या नाही. माझ्या शेजारची सीट त्यांची.

त्यांना सरळ विचारलं. म्हणाले, बघू.
बारा वर्षांत पहिल्यांदाच 'बघू'.

५ ऑगस्ट, सोमवार
संकल्प: जीप अशी करायची की साहेबाचं बटण लाजेल.

मेकॅनिककडे नेली. त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण तो आधी बॉनेटला कान लावतो आणि मग वाईट बातमी सांगतो. म्हणाला, टायर तुळतुळीत झालेत, आधी ते बदला. पुढे म्हणाला, चढाआधी पुढचे हब फिरवता ना? मी म्हणालो, बारा वर्षं तो चढ चढतोय, मला शिकवू नका. म्हणाला, बरं.

हब म्हणजे काय ते सवडीने बघायचं. सीटजवळचा दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागतात, एवढं मला पुरतं.

८ ऑगस्ट, गुरुवार
नवे टायर. खाचा बोटभर खोल. डांबरी रस्त्यावर असा आवाज करतात की लोक मान वर करून आभाळात बघतात. बायको म्हणाली, अहो, माझे दात हलतायत. म्हटलं, याला ग्रिप म्हणतात.

संध्याकाळी साहेबाचा फोन. दादा, टायर झकास घेतलेत म्हणे. याला कुणी सांगितलं? आणि झकास म्हणायचं याला काय कारण?

९ ऑगस्ट, शुक्रवार
मागचा भाग हलका असला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. यावर उपाय वजन. लोक वाळूची पोती टाकतात. मी दुकानदार माणूस, सिमेंटच्या पाच गोण्या टाकल्या. चढून झाल्यावर परत विकता येतात. असा विचार साहेबाला जन्मात सुचणार नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार
पाऊस. जीपच्या ताडपत्रीला भोक आहे हे ठाऊक होतं, एवढं मोठं आहे हे ठाऊक नव्हतं. पाचही गोण्या दगड झाल्या. त्यातल्या दोन जीपच्या तळाला चिकटल्या. डॉक्टर छिन्नी घेऊन तासभर बसला आणि म्हणाला, पत्रा निघेल, गोणी निघणार नाही.

असू दे. वजन कायमचं झालं.

१३ ऑगस्ट, मंगळवार
चाक रुतलंच तर खाली सरकवायला प्लायवूडच्या दोन फळ्या कापल्या. दुकानामागच्या मोकळ्या जागेत ट्रायल. जीप वाघासारखी गेली. जमीन कोरडी होती हे मान्य. पण तत्त्व सिद्ध झालं.

१४ ऑगस्ट, बुधवार
सासरेबुवांचा निरोप. साहेबाच्या गाडीतून जाणार. पाठ दुखते, धाकटीने फार आग्रह केला, वगैरे. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. छे, मला कशाला वाईट वाटेल. जेवलो नाही, कारण भूक नव्हती.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, जावईबापू, मोरीपाशी थांबाल ना?

ही म्हाताऱ्याची जुनी सवय. चढाच्या पायथ्याशी ओढ्यावर एक मोरी, म्हणजे बुटका पूल, आहे, तिथे दरवर्षी जीप थांबवायला लावतात. उतरून गाडीला एक फेरी घालतात. डाव्या चाकापाशी वाकतात, हात लावतात, काहीतरी पुटपुटतात. मग उजव्या चाकापाशी तेच. खाली येताना पुन्हा तेच. मी आत बसून रेडिओ ऐकतो. ज्याची त्याची श्रद्धा, आपण मध्ये का बोला. पण गाडी श्रद्धेने चढत नाही, टेक्निकने चढते.

म्हटलं, बघू. कळू दे 'बघू' कसं लागतं ते.

१७ ऑगस्ट, शनिवार
उद्याचा बेत. साहेबाच्या आधी निघायचं, आधी पोचायचं. म्हाताऱ्यासाठी अंगणात खुर्ची मांडून ठेवायची आणि ते उतरले की सहज म्हणायचं, या, बराच वेळ लागला तुम्हाला. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. 'बराच'वर जोर नको.

१८ ऑगस्ट, रविवार, सकाळी ६
टायरांतली हवा कमी केली. हवा कमी की टायर पसरतो, पसरला की माती धरतो. फळ्या, दोर, फावडं घेतलं. खुर्चीही घेतली.

१८ ऑगस्ट, दुपारी, टेकडीवर
पोचलो. सविस्तर लिहितो, कारण बाकीचे जेवतायत आणि मला बाहेर बसावंसं वाटतंय.

मोरीपाशी बायको म्हणाली, अहो, थांबा ना, बाबा थांबतात इथे. म्हटलं, बाबा गाडीत आहेत का? नाहीत. मग. दांडा ओढला आणि घातली चढावर.

दुसऱ्या वळणावर मागची चाकं गरगरायला लागली. सिमेंटच्या वजनाने ती फार छान रुतली. पुढची चाकं नुसती शोभेला उभी. खाली उतरून फळ्या सरकवल्या. एक फळी चाकाखालून सुटली आणि ओढ्याच्या दिशेने गेली. बायको म्हणाली, ग्रिप. एवढंच म्हणाली.

तेवढ्यात साहेबाची गाडी आली. शेजारी म्हातारा, मागे मेव्हणी. काच खाली झाली. दादा, दोर टाकू का? अगदी अदबीने. म्हटलं, नको, टायर नवीन आहेत, त्यांना जरा मातीची सवय होऊ दे. पांढरी गाडी थोडी घसरली, सावरली आणि वर गेली. मी दुसरी फळी घेऊन डाव्या पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसलो. तिथे बसायचं काही कारण नव्हतं. पण वरून तोंड दिसत नाही.

थोड्या वेळाने काठीचा आवाज. सासरेबुवा चिखलातून एकटे खाली येत होते. माझ्या शेजारी वाकले, चाकाच्या मधोमध एक चकती आहे तिच्यावर हात ठेवला आणि पुटपुटले. मी एवढ्या जवळून प्रथमच ऐकलं. म्हणत होते, फिर गं बाई, फिर.

टक्.

मग उजव्या चाकापाशी. टक्. काठी मागे टाकली, माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, चला जावईबापू.

जीप शेळीसारखी चढली. चारही चाकांनी.

तिसऱ्या वळणावर मी विचारलं, दरवर्षी? म्हणाले, पहिल्या वर्षी वाटलं, विसरलात. दुसऱ्या वर्षी कळलं, माहीतच नाही. हबची ती चकती फिरवल्याशिवाय पुढची चाकं नुसती बरोबर येतात, ओढत नाहीत. म्हटलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, तुम्ही तो दांडा इतक्या थाटात ओढायचात. मागून बायकोचा खोकल्यासारखा आवाज आला. खोकला नव्हता.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी
आणखी एक कानावर आलं. मेव्हणी बायकोला म्हणत होती, बारा वर्षांत बाबा एकदा तरी आपल्या शेजारी बसावेत म्हणून यांनी गाडी घेतली गं, आणि ते अर्ध्या चढावर उतरून गेले.

साहेब अंगणात पुढच्या सीटवरचा चिखल पुसत होता. तिथे चिखल नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. खुर्ची त्याच्याकडे सरकवली. बसला. म्हणाला, दादा, तुमची जीप काय चढली.

उतरताना सासरेबुवा साहेबाच्या गाडीत बसले. मीच बसवलं. मोरीपाशी काच खाली करून माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली आणि निघालो.

१९ ऑगस्ट, सोमवार
दुकानात जाताना जीप जड वाटत होती. आठवलं. मोरीपाशी चकत्या परत फिरवायच्या असतात. ते बघत होते ते त्यासाठी.

दुकानासमोर थांबून फिरवल्या. उजवी सहज फिरली. डावी हलेना. इकडेतिकडे बघून मीही म्हटलं, फिर गं बाई. तरी नाही. शेवटी दोन्ही हात लावले, पाय चाकाला टेकवला, तेव्हा टक् झालं.

सासरेबुवांच्या एका हातात काठी असते.