विंझरचा रानकोंबडा

४ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशा झाला! म्युझियममधले जुने, भुसा भरलेले रानकोंबडे, त्यांच्या पायातल्या चिठ्ठ्यांवरची गावं, शिवाय पाऊस, जंगल, उंची—सगळं कॉम्प्युटरला खाऊ घातलं. रानकोंबडा जिथं असेल तिथं लाल. वेल्ह्याकडे विंझरमागचा अख्खा डोंगर लाल! आमच्या भोरचं एसटी स्टँडही लाल. एका चिठ्ठीवर नुसतंच 'भोर' लिहिलंय, मग कॉम्प्युटर बिचारा काय करणार—ठेवला कोंबडा गावाच्या मधोमध. अब्बा म्हणाले, "स्टँडवर कोंबडी असते की. पण पिशवीत."

माझ्या गाइड मॅडम मात्र हसल्या नाहीत. "गावात जा, लोकांना विचार. विंझरला पक्षी निघाला नाही तर हे प्रकरण प्रबंधातून बाद." बाद म्हणजे पीएचडी आणखी दोन वर्षं. मी वेडी होईन!

७ फेब्रुवारी

भावाचं खाकी जाकीट चढवलं, गळ्यात दुर्बीण. विंझरला पहिलंच घर कोंडिबांचं. "रानकोंबडा? न्हाई बा. नाव बी ऐकलं न्हाई."

तेवढ्यात डोंगरात काहीतरी आरवलं. कोंडिबा एवढ्या जोरात खोकले की पुढचं ऐकूच आलं नाही. या वयात छातीची काळजी घ्यायला हवी त्यांनी.

१० फेब्रुवारी

सगळ्या गावाचं एकच—न्हाई. सगळे 'न्हाई' कॉम्प्युटरमध्ये भरले. डोंगर पांढराफटक!

कोंडिबांच्या ओट्यावर बसून रडले. लाज वाटली, पण रडले. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, चहा दिला. मग जाकिटाकडे बघत म्हणाल्या, "पोरी, तू फारेस्टची न्हाईस व्हय?"

"नाही हो काकू! शिकतेय अजून. रानकोंबडा नसला तर नापास होईन."

"आत्ता गं बया! आमाला वाटलं, धरायला आलीस. रानकोंबडा मारला की केस हुती न्हवं!"

खाकी! आणि मी पक्ष्यांवर पीएचडी करतेय. माणसं कोण शिकवणार मला?

१२ फेब्रुवारी

साधा सलवार-कमीज घालून गेले. आता ज्याला त्याला रानकोंबडा दिसलेला! "लई हायेत." ठकुबाईंना समोर बसलेली मी नीट दिसत नव्हते, पण ओढ्यापलीकडचे पाच दिसले. कुंडलिकनं तर एसटीच्या टपावर पाहिला म्हणे. सगळं परत भरलं. नकाशा इतका लाल की धरणाचं पाणीसुद्धा सुटलं नाही. दिला मॅडमना पाठवून! अम्मीला धरून गिरकी घेतली.

१३ फेब्रुवारी

मॅडमचा मेसेज—"रविवारी येते. दाखव."

लगेच सगुणाबाईंना फोन. "सांगितलं न्हवं सगळ्यांनी? म्याच फिरले घरोघर. म्हनलं, पोरगी नापास हुईल, कुनी न्हाई म्हनायचं न्हाई."

मेले! आधी भीतीनं खोटं, आता मायेनं खोटं! "काकू, खरं सांगा, आहे की नाही?"

"हाय की. रविवारी ये तू. घोर लावून घिऊ नगंस."

हे खरं की हीसुद्धा मायाच?

१६ फेब्रुवारी, रविवार

मॅडम आल्या. विंझरच्या बांधावर, भर दुपारी, रानकोंबडा उभा! मानेवर ठिपके, काळी चमकदार शेपूट, शंभर टक्के अस्सल. मागं अख्खं गाव कौतुकानं उभं. मॅडमनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. मग हळूच म्हणाल्या, "फौजिया, याच्या पायाला सुतळी का आहे?"