उजवी बाजू तुझी

प्रिय पिरोश्का,

बोगीच्या हाती धाडलेला खसखशीचा रोल मिळाला. अर्धा तिनेच वाटेत फस्त केला होता. लेक आईवर गेली आहे, दुसरं काय! तुझ्या तिसा नदीकाठच्या घराचा वास मात्र उरलेल्या अर्ध्यालाही होता.

परवा देझ्योकाकांची फार आठवण आली. शाळेच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये आपल्याला टेबल टेनिसची दुहेरी शिकवताना काका घसा फोडून ओरडायचे, "मारलंस ना? मग हल की बाजूला! टेबल काय तुझ्या बापाचं आहे?" एक फटका तुझा, पुढचा माझा; तू डावखुरी, म्हणून मारून झालं की तू उजवीकडे सरकायचीस आणि मी डावीकडे. मी सरकायला विसरले तर तू कोपराने ढोसायचीस. पुढे बोगीच्या वेळी दिवस गेले आणि तू खेळ सोडलास. मी एकटीच राहिले. देशाचं विजेतेपद, युरोपचं सोनं, सगळं मिळालं; जगज्जेतेपद तेवढं दोनदा अंतिम सामन्यात हुकलं. दुधाची तहान ताकावर भागवत आले.

म्हणून जागतिक स्पर्धेसाठीची रविवारची निवड स्पर्धा माझ्यासाठी शेवटची संधी होती. संघात एकच जागा उरली होती आणि शेवटी समोर उभी राहिली तुझी बोगी. मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. पत्त्यांतसुद्धा मी भाच्यांना जिंकू देत नाही. निर्णायक गेम अगदी शेवटच्या गुणापर्यंत गेला. मी जीव खाऊन फटका मारला, चांगला बसला, आणि मारल्या मारल्या डावीकडे सरकले. बोगीने कसाबसा परतवलेला चेंडू माझ्या उजवीकडून निवांत निघून गेला. तिथे कुणीच नव्हतं.

हॉलभर कुजबुज सुरू झाली, की एतेल्काने मैत्रिणीच्या पोरीला जागा देऊन टाकली. बोगी पांढरीफटक पडली. खोलीवर येऊन म्हणाली, "एतेल्कामावशी, मला दान नको. आईसाठी सोडलीत ना?" मी शपथा घेतल्या, चिडले, शेवटी रडलेसुद्धा. पण पोरगी हटून बसली आहे. आपण स्पर्धेला जाणार नाही असं तिने प्रशिक्षकांना सांगून टाकलं आणि सामान बांधलं; गुरुवारच्या गाडीने घरी निघते आहे. शनिवारी नावं जाहीर होतील.

ती घरी पोचेल त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून घाईने लिहिते आहे. पिरोश्का, मला ती जागा हवी होती गं, फार हवी होती. दान करण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. इतकी वर्षं एकटीने खेळूनही माझ्या पायांना तू गेलीस हे पटलेलंच नाही, एवढंच झालं. बोगीला हे सांगून कळणार नाही. तिला अंगणातल्या जुन्या टेबलासमोर उभी कर, बॅट घे आणि एक फटका जोरात मार. मुद्दाम काही करू नकोस, करावं लागणारही नाही. मारून झाल्यावर तुझे पाय कुठे जातात ते तिला बघू दे, आणि मग तिला परतीच्या गाडीत बसव.

तुझीच, अजून डावीकडे उभी असलेली,
एतेल्का