शेजारच्या अंगणातलं अंजीर

अण्णा, आज दुपारी अंजिराचं एक रोप विकत आणलं. कुंडी नाही, पिशवी नाही. मुळं उघडी आणि त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. लगेच लावा, असं विकणाऱ्यानं बजावून सांगितलं. खड्डा तयार आहे. तरी मी आत-बाहेर करते आहे, गोणपाटावर पाणी शिंपडते आहे, आणि लावायचं सोडून तुम्हाला लिहायला बसले आहे.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं त्या हिवाळ्यात तुम्ही फुलंब्रीहून अशीच दोन रोपं आणली होती. एक आपलं, एक शेजारच्या काकांचं. कंपनीत तुम्ही दोघं एकाच पाळीत, चहाच्या सुट्टीत त्यांनीच माझ्यासाठीही आणा म्हणून सांगितलेलं. रोपांना एकही पान नव्हतं. आई म्हणाली, "एवढ्या लांबून काटक्या आणल्या व्हय? इथं सरपण मिळंना का?" तुम्ही हसला नाहीत. शेजारच्या फाटकाला कुलूप होतं, तिकडंच बघत होता.

खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. काका पहाटेच बायकामुलांना घेऊन निघून गेले होते. कुठं, ते कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या पुंडलिकनगरात काही झालं नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या कट्ट्यावर काय काय बोललं गेलं, ते त्यांच्या घरात ऐकू गेलंच असणार. तुम्ही त्या कट्ट्यावर होता. काही बोलला नव्हता. उठूनही आला नव्हता.

मुळं उघडी आहेत, थांबायची नाहीत, एवढंच म्हणून तुम्ही कुदळ घेतली. आधी आपलं रोप. थोरल्या चुलत्यांनी मेंढ्यांच्या ताज्या लेंड्यांचं पोतं दिलं होतं. आपल्या माणसांना लेंडीखताच्या वर काही वाटतच नाही. ते पोतं तुम्ही आपल्याच खड्ड्यात रिकामं केलं. मग भिंतीवरून पलीकडं उतरलात आणि काकांचं रोप नुसत्या मातीत लावलंत. त्यानंतर रोज कामावर जायच्या आधी बादली घेऊन भिंत ओलांडायची. कट्ट्यावरचे विचारायचे, "काय अण्णा, कुलपाला पाणी घालता का?" तुम्ही मान खाली घालून घरात यायचा.

आपलं रोप काळं पडलं. उपटून पाहिलं तर ताज्या लेंड्यांच्या उष्णतेनं मुळं भाजून निघालेली. त्यांच्या रोपाला मात्र पानं फुटली. तेवढ्यात काका परत आले. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. ते रोपापाशी उभे राहिले. तुम्ही भिंतीपाशी जाऊन म्हणालात, "पाणी घालत होतो."

"दिसतंय," काका म्हणाले. वाकून त्यांनी एक पान उलटून पाहिलं. "त्या दिवशी पहाटे तुमच्या दारापर्यंत आलो होतो. हाक मारावी म्हटलं. मारली नाय."

त्यांनीच सांगितलं, "तुम्ही दार उघडलं नसतं, तर मला परत इथं राहायला येता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं एकाच बसनं कामावर गेलात. पुढं ते झाड वाढलं, भिंतीवरून आपल्याकडं अंजिरं येत राहिली. तुम्ही कधी खाल्ली नाहीत. दातात बी अडकतं म्हणायचा.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. माझ्या मुलांना ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. शेवटी ती हमखास विचारतात, आजोबांनी दार उघडलं असतं का? उघडलं असतं, त्यात काय विचारायचं, असं मी लगेच म्हणते.

अण्णा, मला माहीत नाही.