शीतगृह अनेस्तिसला, आणि त्यामागचं खरं कारण

मी, पार्थेना केसिदू, कै. इओर्दानिस केसिदिस यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, धंदा किवी थंड ठेवून बोटीने परदेशी पाठवणे, राहणार ग्रीसमधल्या कातेरिनी गावाच्या खालच्या अंगाला, आमच्याच शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला दाबणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचाय. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्ही रागाच्या भरात लिहिली होती.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. मला लागतात. पहिला लाझारोस, आमची थंडीची यंत्रं दुरुस्त करणारा. दुसरा माझा धाकटा भाऊ अनेस्तिस मुराटिदिस, जो गेली एकोणीस वर्षं माझ्याशी बोललेला नाही. त्याने यावर सही केली तर शीतगृह त्याचं. नाही केली तर ते माझ्या नवऱ्याच्या पुतण्याला, साव्वासला जाईल, आणि साव्वास तिथे लग्नाचा हॉल काढणार आहे. मला नकाशासुद्धा दाखवून गेला. जिथे माझी किवी शून्य अंशावर ठेवतात, तिथे हा बँडवाल्यांना बसवणार! म्हणून अनेस्तिसने सही करावी, ही माझी पहिली आणि शेवटची इच्छा. मधल्या इच्छा खाली देते.

कलम पहिले. राहतं घर, म्हणजे वरच्या तीन खोल्या, धाकटी बहीण सुमेला हिला. ती चाळीस वर्षं ब्राझीलला सांतोस बंदरात राहते आणि परत येणार नाही, हे मला कळतं. तरी घर तिचंच. तिथे भाडेकरू ठेवायच्या गोष्टी कोणी करू नयेत. बँकेत जे असेल ते तिच्या मुलीला.

कलम दुसरे. मेल्यावर मला इस्पितळाच्या थंड खोलीत ठेवू नये. तिथलं तापमान कोण बघतं, दर चार तासांनी लिहून ठेवतं की नाही, याचा मला भरवसा नाही. त्याच दिवशी पुरून मोकळे व्हा. चाळीसाव्या दिवशी माझ्या नावाने वाटायचा गोड गहू नीट शिजवा. इओर्दानिसच्या वेळी तो दाताखाली कचकचत होता. शिजवणारी अजून जिवंत आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण तिला पुन्हा पातेल्याजवळ फिरकू देऊ नये.

कलम तिसरे. फळात खुपसायचा माझा थर्मामीटर लाझारोसला. कंटेनरच्या यंत्रावर शून्य दिसलं म्हणून आतलं फळ शून्यावर असतं असं नाही, हे मी त्याला शिकवलं. तो सांगत फिरतो की त्याने मला शिकवलं. थर्मामीटर घे बाबा, आणि आता तरी खरं बोल.

कलम चौथे. शीतगृहाच्या दारावरची पाटी कोणी काढू नये. "सफरचंद घेऊन आत यायला सक्त मनाई. जेवणाच्या डब्यातलंही चालणार नाही." नवीन कामगार हसतात, त्यांना हसू द्या. कच्ची किवी पिकवायला घरोघरी आपण पिशवीत एक सफरचंद टाकतोच. सफरचंदाच्या श्वासाने किवी मऊ पडते. बंद कंटेनरमध्ये हाच श्वास सव्वीस दिवस कोंडला तर काय होतं, ते आम्ही २००४ साली पाहिलं.

त्या नोव्हेंबरात हंगामाचा शेवटचा कंटेनर थेस्सालोनिकी बंदरातून सांतोसला गेला. शेवटच्या कंटेनरमध्ये परदेशातल्या नातेवाइकांसाठी एखादी पेटी सरकवायची, ही आमच्या गावची रीत आहे. तिच्यात लोकरीचे मोजे, घरचं सुकवलेलं धान्य, एखादी बाटली असं काहीबाही असतं. माल भरायचं काम अनेस्तिसचं. दार लावून सील त्यानेच ठोकलं. सव्वीस दिवसांनी तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "बाई, तुम्ही किवी पाठवलीत की मुरांबा? आत सगळीकडे सफरचंदाचा वास मारतोय." वीस टन माल फेकून द्यावा लागला.

मी भर अंगणात, सगळ्या कामगारांदेखत अनेस्तिसला धरलं.

"सफरचंदं कोणी घातली?"

"ताई, मी नाही घातली."

"मग काय किवीने बाजारात जाऊन आणली? दार कोणी लावलं?"

"दार मी लावलं."

"मग चालता हो इथून! पुन्हा तोंड दाखवू नकोस."

त्याने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि गेला. टोपी अजून त्याच खुंटीला आहे. तिला कसर लागली आहे, पण तीही त्यालाच. तेव्हापासून तो आपल्या बागेतली किवी अठरा किलोमीटर लांबच्या शीतगृहात नेतो. माझ्या फाटकावरून ट्रॅक्टर जातो तेव्हा मान पलीकडे वळवतो. माझ्या कुत्र्याला मात्र हॉर्न वाजवून जातो, आणि कुत्रंही मेलं शेपूट हलवतं.

कलम पाचवे. हे वाचताना लाझारोसने खोकू नये. ती सफरचंदं मी घातली होती.

सुमेलाचं तेव्हा ऑपरेशन झालं होतं. फोनवर हमसून हमसून रडत होती, "ताई, बाबांच्या झाडाचं एक सफरचंद मिळालं ना, तर मी उठून बसेन गं." एक मागितलं, मी एकतीस पाठवली. प्रत्येक कागदात गुंडाळलं, पत्र्याच्या डब्यात घातलं, झाकणावर चिकटपट्टीचे चार वेढे दिले, वर मोजे रचले. अनेस्तिस जेवायला गेलेला असताना पेटी शेवटच्या थप्पीमागे सरकवली. एवढं घट्ट झाकण, श्वास कुठून येतोय बाहेर, असं मी मलाच पटवलं. दुसऱ्या कोणी हे मला पटवायचा प्रयत्न केला असता तर मी त्याला कंटेनरमध्ये कोंडलं असतं.

अनेस्तिसला हाकलून दोन तास होत नाहीत तो सुमेलाचा फोन. "ताई, पेटी मिळाली! एकही डागाळलं नाही गं! बाबांच्या झाडाची चव अगदी तश्शीच आहे!" वीस टन किवीचा लगदा झाला आणि सफरचंदं मात्र ठणठणीत. मी म्हटलं, "खा हो बाळा, पोटभर खा."

अनेस्तिसचं घर माझ्या फाटकापासून दोनशे पावलांवर आहे. मी गेले नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी राग आला की हा तरी का येत नाही. मग त्याचीच सवय झाली. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी खिडकीतून वरात पाहिली आणि दिवसभर जेवले नाही.

अनेस्तिस, चूक माझी होती आणि शिक्षा मी तुला दिली. माझ्याइतकी खोटारडी बाई या गावात दुसरी नाही. मला माफ कर. हे तोंडाने म्हणायला जमेना म्हणून मृत्युपत्र केलं. मरायची मला तशी काही घाई नाही.

कलम सहावे. हा कागद लाझारोसने आज दुपारी अनेस्तिसच्या हातात द्यावा. त्याने फाडून टाकला तर गुपचूप परत यावं. मग साव्वासला म्हणावं, आण तुझा बँड.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, एकदा रडले. कुठे खाडाखोड नाही. पाचव्या कलमातला डाग कॉफीचा आहे.

स्थळ : कातेरिनी
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२३
सही : पार्थेना केसिदू

साक्षीदार पहिला : लाझारोस खारितिदिस. खोकलो नाही. थर्मामीटरचं मीच शिकवलं होतं.

साक्षीदार दुसरा : अनेस्तिस मुराटिदिस, १८ नोव्हेंबर, सकाळ.
ताई, मला माहीत होतं. दार लावताना वास आला होता. बाबांच्या झाडाचा वास मी ओळखणार नाही का? सुमेला माझ्याकडेही रडली होती, म्हणून काही न बोलता सील ठोकलं. तेव्हा अर्धा गुन्हा माझा. सगळ्यांदेखत तुझं नाव कसं घेणार? वाटलं, संध्याकाळपर्यंत तूच येशील. जरा उशीर केलास. सही करतो, पण तू मरेपर्यंत थांबणार नाही. सोमवारपासून कामावर येतो, नवी टोपी विणून ठेव. पाटी आहे तिथेच राहील. तिच्याखाली मी एक ओळ वाढवणार आहे : "मालकीणबाईंनासुद्धा."