मोठ्या दिरांना येऊ दे

३ नोव्हेंबर, सोमवार
डोकं फिरलंय नुसतं. सकाळी शिवराम म्हणून पेशंट आले, आमच्या दिवा गावातलेच, बावन्न वर्षांचे. घामाघूम, छातीत कळ. घरी दोनदा सोडा पिऊन बसलेले — गॅस आहे म्हणे! ईसीजी मीच काढला. कागद बघूनच कळलं, अटॅक. आमच्या डॉक्टर नीला मॅडमनी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काढलं. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचंच, पण आधी हे. रस्त्यात तास जातो आणि तेवढ्यात हृदयाचा तुकडा मरतो. फक्त बायकोची सही हवी, कारण शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो.

बायको मंजुळाबाई पेन धरून उभ्या. "मोठ्या दिरांना येऊ दे." दीर कल्याणहून निघालेले. मी दहा वेळा सांगितलं, बाई, एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. ढिम्म हलल्या नाहीत. पंचेचाळीस मिनिटांनी दीर आले, त्यांनी मान डोलावली, मग सही झाली.

मला राहवलं नाही. बाहेर बाकावरच्या सगळ्या लोकांसमोर बोलले — "नवरा तुमचा आहे का दिरांचा?"

५ नोव्हेंबर
शिवराम गेले. ठाण्याच्या हॉस्पिटलातच, दुपारी.

११ नोव्हेंबर
मंजुळाबाई फाईल न्यायला आलेल्या. निघताना थांबल्या. "ताई, मी तेव्हाच सही केली असती तर?"

मॅडम अशा वेळी "तसं सांगता येत नाही" म्हणतात. मी म्हटलं, "वाचले असते कदाचित." खोटं नाही ते. पण बोलायची काय गरज होती? जिभेला हाड नाही माझ्या. त्यांनी फाईल पिशवीत नीट घातली आणि गेल्या.

दिवसभर चिडचिड. त्यांच्यावर की स्वतःवर, कळत नाही.

१४ नोव्हेंबर
आप्पांचा फोन, मानपाड्याहून. आवाज ओढलेला. "जळजळतंय गं दोन दिवस. वांगं बाधलं." ओवा चावतायत! म्हटलं, उद्या सकाळी इकडे या, ईसीजी काढू. "तुझ्या दवाखान्यात आलं की धडधाकट माणूस आजारी पडतो." आई गेल्यापासून कुणाचंच ऐकत नाहीत. शेवटी रडवेली झाले तेव्हा कबूल झाले.

१५ नोव्हेंबर
आप्पा आले. रिक्षातून उतरले आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसले. अटॅक. इंजेक्शन दिलं, ठाण्याला हलवलं. आहेत.

१८ नोव्हेंबर
अँजिओप्लास्टी झाली. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के. जिना चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही. माझे आप्पा, ज्यांनी कंपनीत तीस वर्षं लोखंड उचललं! इथल्या डॉक्टरांनी फाईल चाळली, वेळा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं.

आणि आप्पा अख्ख्या वॉर्डला सांगत सुटलेत — "माझी रसिका नर्स आहे. ती होती म्हणून वाचलो." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी माझा हात धरला, नशीबवान बाप म्हणाल्या. मी पाणी आणते म्हणून बाहेर पडले आणि जिन्यात उभी राहिले. पाणी आणायचं विसरलेच.

२० नोव्हेंबर
जेवण जात नाही. एका जागी बसवत नाही. घरातले सगळे डबे घासून झाले, आता काय घासू?

महेंद्रदादा पुण्याहून आलाय. म्हणतो, "तू होतीस म्हणून बरं, मला तर काही सुचलं नसतं." त्याच्यावर ओरडले उगाच.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहून टाकते. आप्पांचा ईसीजी नऊ वीसला निघाला. मॅडमनी सहीचा कागद तेव्हाच पुढे केलेला. मी पेन हातात घेतलं आणि म्हणाले, "थांबा, दादाला विचारते." दादाचा फोन लागत नव्हता. मी लावत राहिले. सही केली दहा पंधराला.

आज मंजुळाबाईंच्या घरी गेलेले. दारातच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे वाचले ना?" मी हो म्हटलं.

"बरं झालं," म्हणाल्या. "आत या, चहा टाकते."