झुंज म्हणू नका

३ फेब्रुवारी २०२५

"पावसाळा बघतील की नाही, सांगता येत नाही." — डॉक्टर. हेमाकडे बघून!

अहो, मी इथेच बसलोय! मरणारा मी आहे, माझी बायको नाही! मोठ्यानेच बोललो. डॉक्टर दचकले. हेमाने टेबलाखाली माझा हात दाबला. गप्प बस, अशा अर्थाने.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतात पोचलेला. केमो घेतली तर थोडे दिवस वाढतील, पण ते दिवस केमोतच जातील. नको बोललो.

कळलं कसं, ते लिहून ठेवतो. नव्या फिल्मचं कलर करत होतो. एका शॉटमध्ये मी स्वतः आहे, मुलाखत घेताना. चेहरा पिवळा. अख्खी दुपार व्हाइट बॅलन्स सुधारत बसलेलो! मागची भिंत पांढरी झाली, समोरची बाई नीट दिसायला लागली, मी मात्र पिवळाच. हेमा चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, तू खरंच पिवळा आहेस."

मिठागरवाले, डंपिंगवरच्या बाया, खाडीतले रेतीवाले — इतकी वर्षं दुसऱ्यांचं आयुष्य शूट केलं. आता माझं. उद्यापासून कॅमेरा चालू, शेवटपर्यंत. कोणाची परवानगी नको, कोणाची मनधरणी नको. किती सोपं!

४ फेब्रुवारी

सोपं नाही. हेमा नाही म्हणाली.

६ फेब्रुवारी

भांडण. हेमा ठाकुर्लीला शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी घरी येते तेव्हा दारातच तिचा चेहरा क्षणभर उघडा असतो. आत पाय टाकला की ती तो आवरते, माझ्यासाठी. मला तो आधीचा चेहरा हवा होता. म्हणून दारासमोर ट्रायपॉड लावून ठेवलेला.

तिने ओढणी काढली आणि लेन्सवर टाकली.

"मला माझ्या घरात अ‍ॅक्टिंग करायची नाहीये."

"अ‍ॅक्टिंग कोण सांगतंय? आहेस तशी राहा."

"कॅमेऱ्यासमोर कोणी आहे तसं राहत नाही. तूच सांगतोस ना सगळ्यांना?" मग हळू आवाजात, "तुला मी रडताना हवी आहे, यज्ञेश. रडणं माझं आहे. ते मी तुझ्या फिल्मला देणार नाही."

बरोबर बोलत होती. म्हणूनच जास्त चिडलो. जेवलो नाही. तसंही जेवण जात नाहीच. पण आज ते रागाने, असं दाखवता आलं.

१५ फेब्रुवारी

दिपेश आलेला. कॉलेजपासूनचा दोस्त, माझ्या सगळ्या फिल्म्सचा निर्माता. आधी गळ्यात पडून रडला. खरं रडला, खोटं कशाला लिहू. मग डोळे पुसून — "भाई, ही तुझी सगळ्यात मोठी फिल्म होणार. नाव सुचलंय. झुंज!"

बोललो, कोण झुंजतंय? मी सोफ्यावर पडून असतो. झुंजायला समोर कोणीतरी लागतं. इथे माझंच पोट आहे.

"लोकांना होप लागते रे."

लोकांना लागते ना? मग लोकांनी मरावं होप घेऊन!

तरी फुटेज त्याच्याकडेच ठेवायला दिलं. एडिट त्याच्याच ऑफिसात होणार. दुसरं आहे कोण मला?

२ मार्च

कोळीवाड्यात गेलेलो. बाबाकडे.

मला हे निघाल्यापासून बाबा एकदाही कोपरला, आमच्या घरी, आला नाही. एकदाही नाही! फोन केला की विचारतो, "जेवलास?" बस. हेमा म्हणते, "त्यांना बघवत नाही रे." त्याला बघवत नाही, आणि मला जगवत नाही, त्याचं काय?

शीळफाट्याला गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. पोटात कळा. ड्रायव्हर म्हणतो, साहेब, दहा मिनिटं. इथे आयुष्य मोजून मिळालंय आणि ते शीळफाट्याला डिझेलच्या धुरात चाललंय! कॅमेरा काढून तेही शूट केलं. हात हलत होता. हलू दे.

बाबा ठाण्याच्या खाडीच्या कडेला जाळं सांधत बसलेला. खाडीत आता काय मिळतं? काळा चिखल आणि कंपन्यांचं पाणी. तरी रोज होडी काढतो. आई गेल्यापासून तर जास्तच. मी समोर बसलो, कॅमेरा लावला. त्याने वर बघितलं, माझे पिवळे डोळे बघितले, परत जाळ्यात मान घातली.

"निवट्या पन मिलत नाय आता," म्हणाला. निवट्या म्हणजे चिखलातले बारके मासे.

"बाबा, मी चाललोय. डॉक्टरांनी सांगितलंय. तुला काय वाटतं?"

सुई थांबली. "ता चालू हाय तवर मी काय बोलाचा नाय."

"बंद केला तर बोलशील?"

उठला. जाळं खांद्यावर टाकलं आणि ओहोटीच्या चिखलातून होडीकडे चालायला लागला. गुडघाभर चिखल. वय सत्तरीच्या पुढे. एकदाही वळून बघितलं नाही. मी पाठ शूट करत राहिलो. ठिपका होईपर्यंत.

शॉट चांगला आलाय. बाप म्हणून शून्य!

११ मार्च

हरामखोर!!

दिपेशने क्लिप टाकली. मला न विचारता. बादलीत ओकल्यावर मी कॅमेऱ्याकडे बघून हसलो होतो, ते. मी का हसलो? कारण बादलीवर लिहिलंय 'आनंदी राहा'. कसल्यातरी वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट. त्याने बादली कापली! ओकारी, हसू, मागे बासरी. खाली — 'मृत्यूला हसत सामोरा जाणारा दिग्दर्शक.'

फोन केला. "अरे, वेड्यासारखी शेअर होतेय! लोक रडतायत, भाई!"

माझा विनोद कापून त्याने मला संत केलं. डिलीट कर बोललो. "आता काय फायदा? सगळीकडे गेली."

१३ मार्च

गव्हांकुराचा रस. गोमूत्र. केरळचा कोणी वैद्य. "पॉझिटिव्ह राहा." खालच्या मजल्यावरच्या केशरबाई, ज्या पार्किंगवरून माझ्याशी कायम भांडल्या, त्या दारात उभ्या राहून मला नमस्कार करून गेल्या. नमस्कार! मला भांडणाऱ्या केशरबाई परत हव्यात.

२३ मार्च

सत्कार. डोंबिवलीतलं कुठलंसं मंडळ. नको नको म्हणत होतो, हेमा म्हणाली, "जा, चार लोकांत बसशील तरी." शाल, श्रीफळ, तसबीर. निवेदक म्हणे, "कर्करोगाला ज्यांनी गुडघे टेकायला लावले—"

माइक हातात आला. बोललो, "त्याने गुडघे टेकलेले नाहीत. मी टेकलेत. उठताना दोन माणसं लागतात. मी लढत नाहीये, मी मरतोय. तुम्ही पण मरणार आहात, पण तुम्हाला अजून कोणी नारळ दिलेला नाही."

मागे एक म्हातारा खो खो हसला. एकटाच. मग माइक बंद पडला. किंवा पाडला.

रिक्षात हेमा बाहेर बघत बसलेली. मला वाटलं, चिडली. घराजवळ आल्यावर तिचे खांदे हलायला लागले. हसत होती! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "निवेदकाचं तोंड बघितलंस?" म्हणाली आणि परत सुटली. मीही. पोट दुखेस्तोवर, म्हणजे खरंच दुखेस्तोवर. रिक्षावाला आरशातून बघत होता.

कॅमेरा बॅगेत होता. काढावासा वाटला नाही. वाटला नाही, याचाही नंतर राग आला.

५ एप्रिल

बाबा आला.

सकाळीच. न सांगता. हातात स्टीलचा डबा, चिंबोरीचं कालवण. इतक्या महिन्यांनी! सोफ्यासमोर खुर्चीच्या टोकाला बसला, परक्याच्या घरी बसतात तसा. मी उशीला टेकून कॅमेरा चालू केला. यावेळी त्याने डबा उघडून पुढे केला.

मला तेल चालत नाही, तिखट चालत नाही, त्याला कोण सांगणार? हेमा सांगायला गेली, मी डोळ्यांनी थांबवलं. दोन घास खाल्ले. आईच्या हातची चव. तो कधी शिकला कोण जाणे. तिसऱ्या घासाला सगळं बाहेर आलं. शर्टावर, चादरीवर.

बाबा उठला. मला वाटलं, परत पाठ दाखवणार. त्याने पंच्याने माझं तोंड पुसलं. मग कॅमेऱ्यावर हात ठेवला. सरळ लेन्सवर. जाळं ओढून ओढून घट्टे पडलेला हात.

"बंद कर त्याला."

बंद केला.

"काल पालखी व्हती आयची," म्हणाला. आय म्हणजे एकवीरा. चैत्रात कार्ल्याला जायचं त्याने कधी चुकवलेलं नाही. आई आयसीयूत होती त्या वर्षीही गेलेला, आणि मी त्याच्याशी महिनाभर बोललो नव्हतो. "यंदा मी गेलो नाय."

"का?"

"तिचं तोंड नाय बघाचं मना. सांगून आलोय. फाल्गुनातच गेल्तो. एकटा. म्हनलं, पोऱ्याला सोड, मग येतो. नायतर तू तुज्या डोंगरावर आन मी माज्या खाडीत."

मी देव मानत नाही. लहानपणापासून त्यावरून आमची भांडणं. आणि हा माणूस माझ्यासाठी देवीशी अबोला धरून बसलाय! आणि मी समजत होतो, त्याला काही वाटत नाही.

"ऐकत नाय ती," म्हणाला. आणि रडला. तोंड न झाकता. त्याला रडता येत नाही, खोकल्यासारखं काहीतरी येतं.

मी त्याचा हात धरला. मासळीचा वास.

आता लिहिताना जाणवतंय, सगळ्या फिल्ममध्ये यापेक्षा मोठं काही नाही. आणि ते माझ्याकडे नाही. कार्डवर शेवटची फ्रेम म्हणजे त्याचा तळवा. मग काळं.

७ एप्रिल

चूक केली. दिपेशला सांगितलं.

"अरे, मग बाबांना परत बोलायला लाव ना! तसंच, खुर्चीत. मी लाइट घेऊन येतो. भाई, क्लायमॅक्स आहे हा!"

माझा बाप रिटेक देणार! पोरगा मरतोय, ग्लिसरीन आणा!

फोनवर जेवढी ताकद होती तेवढी शिव्यांत घालवली. सगळं फुटेज परत दे, बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तू आजारी आहेस. नंतर बोलू."

नंतर! माझ्याशी नंतर!

९ एप्रिल

हेमा शाळेतून उशिरा आली. पाठीवर सॅक. टेबलावर उपडी केली. हार्ड डिस्क, सगळ्या.

"दिपेशकडे गेलेले. ठाण्याला."

"आणि त्याने दिल्या?"

"आधी चहा विचारला. मी प्यायले. मग म्हटलं, डिस्क दे. तो म्हणाला, वहिनी, हे सगळं यज्ञेशच्या भल्यासाठी आहे. मी म्हटलं, ठीक आहे, मी इथेच बसते. वह्या होत्या बरोबर, तपासत बसले. क्लायंट आले, गेले. शेवटी दिल्या."

ही बाई मला फिल्ममध्ये हवी होती. रडणारी नाही. ही!

१८ एप्रिल

पॅच लावलाय दुखण्याचा. डोकं कापसासारखं. कॅमेरा हातात धरवत नाही, ट्रायपॉडवरच असतो. मीही एकाच फ्रेममध्ये. सोफा, खिडकी, मी. खिडकीबाहेर टॉवरचं काम चाललंय. सारखं ठोकत असतात. ते पुरं होईल, मी बघणार नाही. कोण कुठले लोक येऊन राहतील त्यात! त्या न आलेल्या लोकांवर मी चिडलोय. हेमा म्हणते, आता हद्द झाली.

तिला परत विचारलं. एकदाच बोल कॅमेऱ्यासमोर. काहीही.

"बोलेन. तू गेल्यावर."

"मग मला ते दिसणार नाही!"

"म्हणूनच. तेव्हा खरं बोलेन."

फोकस कसा लावायचा, ते तिने विचारून घेतलं. मी शिकवलं. मग ती कुकर लावायला गेली आणि मी एकटाच व्ह्यूफाइंडरमधून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. हसावं की ओरडावं? ओरडलो. तिने आतून कुकरची शिट्टी होऊ दिली, मग विचारलं, "झालं?"

२ मे

बाबा आता दर दोन-तीन दिवसांनी येतो. बसतो. मी झोपलो तर तोही खुर्चीत झोपतो. घोरतो! काल ओरडलो त्याच्यावर, झोपायला आलायस की मला बघायला? "दोनी," म्हणाला.

६ मे

पाय सुजलेत. सगळ्यांचा राग येतो. पंख्याचासुद्धा.

११ मे

बाबा गेला.

काल सकाळी, होडी बांधताना. शेजारच्या काळुरामने बघितलं — दोर हातात, बसल्यासारखा खाली बसला, आणि संपलं. न आजार, न डॉक्टर, न कोणाला काही बोलायला वेळ.

खुर्चीवर बसवून नेलं मला. अग्नी मीच दिला, हेमाने हाताला हात लावून. कॅमेरा घरी होता. अख्ख्या कोळीवाड्यात एकानेही मला 'तू कसा आहेस' विचारलं नाही. सगळे म्हणत होते, बापाविना पोर झालास रे.

झालो.