दाराबाहेरचा बाक

तीर्थरूप बाबांना आयर्लंडहून सेजलचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. थंडी आहे, पण खोली उबदार आहे. फोनवर तुम्ही ‘सगळं बरं’ म्हणून ठेवता, म्हणून लिहायला बसले.

आपल्या धाकट्या रुद्रेशने दुकानाला काचेचं दार बसवलं. डिचोलीत असं कापडाचं दुकान दुसरं नसेल. पण दाराबाहेरचा बाक काढला, ते वाईट झालं. बुधवारी मये गावच्या बायका त्यावरच पिशव्या ठेवून बाजार करायच्या. परतताना टेकायच्या, तुम्ही पाणी द्यायचात, मग कुणीतरी साडी बघायला मागत हळूच तुम्हाला म्हणायची, “बाबलीबाब, ती निळी साडी दाखयात पळोवया.”

परवा त्यांच्यातलीच पद्मावतीमावशी पिशवी घेऊन दारापर्यंत आली, आई सांगत होती. काचेत बघून तिने पदर सारखा केला आणि तशीच स्टँडकडे गेली.

रुद्रेशला रागावू नका, हौसेनं केलंय त्यानं. बाक कुठे ठेवलाय? पावसात भिजत नाही ना?

इथल्या सगळ्याच दुकानांना काचा आहेत, बाबा. सुट्टीच्या दिवशी मी बाजारात जाते, काचेत बघून केस सारखे करते आणि खोलीवर परत येते.

आईला सांभाळा. गोळी चुकवू नका.

तुमची,
सेजल